चुकण्याची मुभा नसलेले भावी डॉक्टर

नीटचा निकाल लागला की चामोर्शी, आरमोरी, मूल, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांत चौकात अभिनंदनाचे फलक झळकतात. फोटो, गुण, क्लासचे नाव आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी. अनेकदा तो मुलगा किंवा ती मुलगी घराण्यातली पहिलीच डॉक्टर होणार असते. शाल-श्रीफळ होते, शाळेत बोलावून चार शब्द बोलायला लावतात, शेजारपाजारच्या आया आपल्या पोरांना ‘बघ, तिच्याकडे बघ जरा’ म्हणून सुनावतात. पावसाळा संपेपर्यंत फलक फाटून जातो. त्यावरचा आकडा मात्र पुढची साडेपाच वर्षे त्या विद्यार्थ्याच्या मानगुटीवर बसलेला असतो. त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

हे बोलायची वेळ आता गडचिरोली जिल्ह्यावर आली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोलीचे महाविद्यालय होते, एमबीबीएसच्या शंभर जागांचे. शेजारच्या चंद्रपूरचे महाविद्यालय २०१५ पासून सुरू आहे. एकेकाळी या भागातल्या मुलांना डॉक्टर व्हायचे तर नागपूर गाठावे लागे. आज चामोर्शीच्या मुलाला तासाभराच्या अंतरावर महाविद्यालय आहे. इमारत कधी होणार, प्राध्यापकांची पदे कधी भरणार, खाटा किती, यावर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या शंभर विद्यार्थ्यांच्या डोक्यात काय चालले आहे, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. पुढे त्यांच्या हाती येणाऱ्या रुग्णांच्याही आरोग्याचा.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी देशभरातील २५,५९० पदवी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली. पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. पदवीच्या सुमारे १६ टक्के आणि पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे नोंदवले. ही प्रश्नावली स्वेच्छेने भरायची होती. ज्यांना त्रास आहे ते ती भरण्याची शक्यता अधिक, हे धरून चालले तरी आकडे लहान होत नाहीत. त्याच अहवालातली दुसरी एक नोंद मात्र बातम्यांत मागे पडली. निम्म्याहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी सांगितले, की नापास होण्याच्या भीतीने आपली कामगिरीच बिघडते. अव्वल गुण मिळवण्याचे सततचे दडपण असल्याचे सुमारे ४० टक्क्यांनी सांगितले. म्हणजे अभ्यासाचे ओझे हा एक भाग झाला. त्या ओझ्याखाली ‘आपल्याकडून चूक होता कामा नये’ ही दुसरी गोष्ट आहे, आणि मानसशास्त्रात तिचा गेली तीस-पस्तीस वर्षे स्वतंत्र अभ्यास चालू आहे.

याला परफेक्शनिझम म्हणतात. मराठीत परिपूर्णतेचा अट्टहास म्हणता येईल. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले. एक, माणूस स्वतःकडूनच निर्दोष कामाची अपेक्षा करतो. दोन, तो ती इतरांकडून करतो. तिसरा प्रकार सर्वांत जाचक: इतरांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे, आणि तो दिला नाही तर आपली किंमत संपली, असे त्याला वाटत राहते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील प्रश्नावल्या एकत्र करून तपासल्या. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले. पण पहिला १० टक्क्यांनी वाढला असताना तिसरा ३३ टक्क्यांनी वाढला होता. भारत त्या अभ्यासात नाही. तरी दहावीचा निकाल लागल्यावर ‘पंच्याण्णव? बाकीचे पाच कुठे गेले?’ हा विनोद ज्या घरांत हसत हसत केला जातो, त्या घरांना तिसरा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. डॉक्टर काटेकोर नको तर कोण हवा? औषधाची मात्रा अंदाजे देणारा, शस्त्रक्रियेत ‘चालतंय’ म्हणणारा डॉक्टर कोणाला हवा असेल? या आक्षेपाचे उत्तर संशोधनातच आहे. उच्च ध्येय ठेवणे आणि चुकीला घाबरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मोजताही वेगळ्या येतात. रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या मोजपट्टीत स्वतःचे निकष एका बाजूला आहेत. चुकांची धास्ती, केलेल्या कामाबद्दलची शंका, पालकांच्या अपेक्षा आणि पालकांची टीका हे घटक वेगळे मोजले जातात. नैराश्य, चिंता यांच्याशी सातत्याने जोडलेली आढळते ती धास्ती आणि शंका. उच्च निकष एकटे तेवढा त्रास देत नाहीत. औषधाची मात्रा दोनदा तपासणारा विद्यार्थी काटेकोर असतो. मात्रा आठवत नाही हे कबूल करायला लाज वाटते म्हणून कोणालाच न विचारणारा विद्यार्थी धास्तावलेला असतो, आणि रुग्णाला धोका या दुसऱ्याकडून आहे.

ही धास्ती येते कुठून? ‘हल्लीची मुले नाजूक’ हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. नीटचा हिशेब पाहा. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुधारित निकालात ते १७ उरले, तरी गर्दी तीच राहिली. अशा गर्दीत एका प्रश्नाच्या चुकीने हजारो क्रमांकांचा फरक पडतो. सरकारी जागा मिळणार की खासगी महाविद्यालयाचे न झेपणारे शुल्क, हे एखाद्या गोळ्यावर ठरू शकते. चूक म्हणजे सर्वनाश, हा त्या मुलाचा गैरसमज नसतो. त्या तीन तासांपुरते ते खरेच असते. एक-दोन वर्षे रिपीट करून, नागपूर-लातूरच्या क्लासमध्ये दर आठवड्याच्या टेस्टमध्ये ही गोष्ट त्याच्या अंगात भिनवली जाते. पुढे एमबीबीएसला गेल्यावर नियम बदलतात, पण ते त्याला कोणी सांगत नाही.

पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभर हुशार मुले बसलेली असतात. आजवर प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला. पहिल्या चाचणीनंतर त्यांतले नव्याण्णव पहिले नसतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांचा आवाका असा, की सगळे पाठ होणे कोणालाच शक्य नसते. उत्तीर्ण व्हायला साधारण निम्मे गुण पुरतात. बारावीपर्यंत ९० टक्क्यांखाली न आलेल्या मुलाला ५४ टक्के हे चांगले गुण आहेत हे पटतच नाही. त्यात मराठी माध्यमातून किंवा आश्रमशाळेतून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी. विषय कळलेला असतो, पण व्हायवात परीक्षकासमोर इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता वेळ संपते. मग तो बोलणेच टाळतो. वर्गात शंका विचारत नाही, डिसेक्शनच्या टेबलावर मागे उभा राहतो, वॉर्डात राउंडला सरांच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहतो. पाहणाऱ्याला वाटते, याला रस नाही.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये एका अनुभवाचे वर्णन केले होते: यशस्वी माणसालाही आतून वाटत राहते, की आपण इथे चुकून आलो, आज ना उद्या आपले बिंग फुटेल. वैद्यकीय, दंत, परिचर्या आणि औषधनिर्माण शाखांच्या विद्यार्थ्यांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात परिपूर्णतेचा अट्टहास, ही ‘तोतया’ असल्याची भावना आणि मानसिक त्रास यांचा जवळचा संबंध दिसला. पण गडचिरोलीच्या संदर्भात एवढ्यावर थांबून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. गोंड, माडिया किंवा अन्य आदिवासी समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘आपण इथले नाही’ असे वाटते तेव्हा ते नेहमीच त्याच्या मनाचे खेळ नसतात. ‘कोट्यातला’ हा शब्द वसतिगृहात ऐकवला जातो. एखादा सधन घरातला विद्यार्थी चुकला तर ती त्याची चूक असते. हा चुकला तर ती त्याच्या अख्ख्या समाजाची चूक ठरवली जाते. अशा मुलाने ‘मी चुकणारच नाही’ असे चिलखत चढवले तर त्यात नवल नाही. मात्र तो ते चोवीस तास अंगावर वागवतो, घरी फोन करतानाही काढत नाही. घरच्यांनी धानाच्या चुकाऱ्यातून फीचे पैसे पाठवलेले असतात. त्यांना ‘जमत नाही’ कसे सांगायचे? अशा विद्यार्थ्यासाठी वर्षातून एकदा सभागृहात तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवणे, म्हणजे तापाच्या रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून समाधान मानणे होय.

मदत घेण्याच्या वाटेवरही हाच अट्टहास आडवा येतो. ‘जामा’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली. त्यांपैकी उपचार घेणारे होते जेमतेम १५.७ टक्के. मानसोपचाराचा विभाग त्यांच्याच रुग्णालयात, दोन मजले वर असतो. तिथे ओपीडीचा कागद काढायचा म्हणजे उद्या ज्यांच्यासमोर व्हायवा द्यायची त्यांच्यासमोर आज रुग्ण म्हणून बसायचे. ज्याने आयुष्यभर निर्दोष दिसण्याचा प्रयत्न केला, त्याला हे सर्वांत अवघड. बाहेरून तो शेवटपर्यंत उत्तम दिसतो: हजेरी पूर्ण, जर्नल सुबक, गुण चांगले. म्हणूनच मागे पडलेल्या विद्यार्थ्यांवरच लक्ष ठेवणारी व्यवस्था अशांना हेरू शकत नाही.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. १९९१ मध्ये अल्बर्ट वू आणि सहकाऱ्यांनी ११४ निवासी डॉक्टरांना त्यांच्या सर्वांत गंभीर चुकीबद्दल विचारले. साधारण निम्म्यांनीच ती वरिष्ठांना सांगितली होती. रुग्णाला किंवा नातेवाइकांना सांगणारे होते चौथा हिस्सा. ज्यांनी चुकीची जबाबदारी स्वीकारली आणि तिच्यावर बोलले, त्यांनी पुढे कामाची पद्धत सुधारण्याची शक्यता जास्त होती. आठ वर्षांनी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ‘टू अर इज ह्यूमन’ हा अहवाल काढला. तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण टाळता येण्यासारख्या चुकांनी दगावतात, असा त्याचा अंदाज होता. तो आकडा किती बरोबर यावर पुढे बराच वाद झाला. त्याचा निष्कर्ष मात्र टिकला: चुका बहुतांशी वाईट माणसांमुळे होत नाहीत, सदोष व्यवस्थेमुळे होतात, आणि त्या उघड बोलल्याशिवाय कमी होत नाहीत. एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना आधी उलटेच चित्र दिसले होते, चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. मग उलगडले, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या.

चामोर्शी परिसरात याचा अर्थ काय होतो, ते सर्पदंशाच्या उदाहरणावरून पाहता येईल. रोवणीच्या दिवसांत रात्री शेतातून किंवा जमिनीवर झोपलेल्या अंथरुणातून रुग्ण येतो. साप कोणता ते कोणी पाहिलेले नसते. बिनविषारी असेल, विषारी असून विष शिरले नसेल, मण्यार असेल तर दातांच्या खुणाही दिसणार नाहीत. लस दिली तर तिचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. नाही दिली आणि विष चढत गेले तर रुग्ण हातचा जातो. मोठी प्रयोगशाळा नसते. असते ती एक साधी चाचणी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठले का पाहायचे. त्यासोबत पापण्या जड होतात का, गिळता येते का, श्वास कसा आहे, हे पुन्हा पुन्हा तपासायचे. एवढ्या अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आणि प्रतिक्रिया आली तर अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवायचे. परीक्षेतल्या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यांत एक नक्की बरोबर असतो. इथे तसे नसते. चुकीच्या भीतीने गोठलेला डॉक्टर अशा वेळी एकच सुरक्षित वाटणारी गोष्ट करतो: रेफर. गावातून गडचिरोली, गडचिरोलीहून नागपूर. रेफर करण्यामागे मनुष्यबळ आणि साधनांची टंचाई हे मोठे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जिथे लस आणि नळी दोन्ही आहेत तिथेही हात पुढे होत नसेल, तर तो हात कोणत्या वर्गात आखडला हे विचारायला हवे.

गंमत अशी, की याच जिल्ह्याकडे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जुना अनुभव आहे. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज आणि रस्ते नसलेल्या त्या भागात दवाखाना चालवला. पुस्तकात लिहिलेली साधने नव्हती, वर सल्ला द्यायला तज्ज्ञ नव्हता. जे समोर येईल ते शिकत करावे लागले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सुवर्णपदक विजेते डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावे लागते. गावातल्या निरक्षर दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले उपकरण तयार केले गेले: ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. उपकरण साधे होते आणि दाई डॉक्टर नव्हती. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

याला ढिसाळपणा म्हणता येणार नाही, उलट त्यात कमालीचा काटेकोरपणा होता. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला गेला, जे मूल वाचले नाही त्याचीही नोंद झाली. फ्रॉस्ट यांच्या मोजपट्टीच्या भाषेत बोलायचे तर निकष उंच होते आणि चुकांची धास्ती नव्हती. गडचिरोलीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना हा इतिहास गौरवगाथा म्हणून ऐकवला जाण्याची शक्यता जास्त. त्याने उलट परिणाम होतो. आणखी एक गाठता न येणारी उंची समोर उभी राहते. काय फसले, कोणता रुग्ण गेला, त्यानंतर काय बदलले, हे ऐकवले तर तो अभ्यासक्रम होईल.

धोरणाच्या पातळीवर कागद पुरेसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातील शिक्षणसंस्थांना लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे त्यात आहे. गडचिरोलीची एकच तुकडी शंभरांची आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून हे तिथे लागू होते. समुपदेशक नेमला तर त्याला मराठी आणि शक्य असल्यास गोंडी-माडिया समजावी, आणि तो परीक्षक मंडळींपैकी नसावा, एवढे पथ्य पाळले तरी खूप. आयोगाच्या कृतिदलाने पुरवणी परीक्षेची पद्धत पुन्हा आणावी, निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे आणि आठवड्याची एक सुटी मिळावी, असे सुचवले आहे. यातली पुरवणी परीक्षेची शिफारस किरकोळ वाटते, पण ती मुळाशी जाते. पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चारच संधी असताना एका विषयाने वर्ष वाया जाणार असेल, तर चूक म्हणजे सर्वनाश हा नीटचा धडा महाविद्यालयही पुन्हा गिरवून घेते.

ज्याला एक रुपयाही लागत नाही असा उपाय शिक्षकांच्या हातात आहे. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत रुग्ण दगावल्यावर किंवा गुंतागुंत झाल्यावर त्या केसवर चर्चेची बैठक होते. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना बसू द्यावे, आणि पहिली केस विभागप्रमुखांनी स्वतःची सांगावी. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने आपल्या सरांच्या तोंडून ‘इथे माझे चुकले’ हे एकदा ऐकले, तर बाकी समुपदेशन निम्मे होते. अडचण एवढीच, की ते सरही याच व्यवस्थेतून, याच धास्तीत घडलेले असतात. जुन्या महाविद्यालयांत अशा सवयी मोडणे कठीण. गडचिरोलीत अजून सवयी पडायच्या आहेत, हा नव्या संस्थेचा एक फायदा.

घरच्यांनी काय करावे, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. फोनवर ‘पेपर कसा गेला’ याच्या आधी ‘जेवलास का, झोपलीस का’ विचारावे, आणि सुटीत आलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर गुण सांगायला लावू नये. झोप उडाली, जेवण सुटले, फोन घेणे बंद झाले, ‘मी सगळ्यांना ओझे झालो’ असे शब्द येऊ लागले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. विद्यार्थी स्वतः किंवा त्याच्यासाठी घरचे कोणीही फोन करू शकतात.

गडचिरोलीची पहिली तुकडी वेळापत्रकाप्रमाणे २०२९ च्या सुमारास इंटर्नशिपला लागेल. त्यानंतर सरकारी महाविद्यालयातून उत्तीर्ण होणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. त्यांतले काही जण चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रात्रपाळीला असतील. ते रोवणीचेच दिवस असू शकतात.